रिगा अर्ध्या दिवसाचं गाव नाही हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बाल्टिक देशांच्या सहलीचा तक्ता छापलाय त्यात लाटवियाच्या राजधानीपुढे, म्हणजे रिगापुढे, चक्क 'अर्धा दिवस' लिहिलंय, आणि खाली टीप की जोडप्याला युरोप पायी फिरलं तरी परवडत नाही. दोन्ही पटलं नाही म्हणून लिहितोय. मी रिटायर्ड माणूस, मुलगा शेजारच्या एस्टोनियात टॅलिनला नोकरीला असतो, जूनमधे त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा आम्ही नवरा-बायको दोघंच पहाटेच्या बसने रिगाला गेलो, साडेचार तास लागतात, आणि रात्रीच्या बसने परत, म्हणजे हॉटेलचा प्रश्नच मिटला. बसभाडं सोडून दिवसाचा खर्च दोघांचा मिळून २६ युरो, आपले सव्वीसशे-सत्तावीसशे धरा. व्हिसाचे माणशी ९० युरो आणि विमानाचं तिकीट हे रडगाणं वेगळं, ते मी लपवत नाही.

बस स्टँडला लागूनच सेंट्रल मार्केट आहे. पाच अवाढव्य कमानीदार शेड, पहिल्या महायुद्धात जर्मनांनी त्यांची झेपेलिन, म्हणजे अवाढव्य हवाई जहाजं, ठेवायला जे हँगर बांधले होते त्यांचा सांगाडा आणून १९३० साली हा बाजार सुरू केला. आत एका शेडमधे नुसते मासे, धुरी दिलेले, सोनेरी, ओळीने लावलेले, आमची ही शाकाहारी त्यामुळे नाकाला पदर लावून ती तिथून जी सुटली ती थेट ब्रेडच्या गाळ्यावर थांबली. राईचा काळाकुट्ट ब्रेड, विटेसारखा जड, वास थोडा आंबूस, वर जिऱ्यासारखं काहीतरी टोचलेलं. सोबत पिवळं चीज, त्यातही तेच जिऱ्यासारखं, ते म्हणे जूनमधल्या 'यानी' नावाच्या उन्हाळी सणाला करतातच. सण तोंडावर होता म्हणून ओकच्या पानांचे आणि रानफुलांचे मुकुट विकायला बसले होते, आपल्याकडे दसऱ्याला झेंडूचे ढीग लागतात तसे. स्ट्रॉबेरीवाल्या आजी भाव विचारल्यावर म्हणाल्या "चेत्रि", मी मोबाईल काढून ट्रान्सलेट करत बसलो तोवर हिने चार युरो मोजून दिले पण! "अहो, चार म्हणाल्या की त्या." बरोबर होतं. त्यांची भाषा आणि संस्कृत लांबच्या बहिणी, देवाला ते दिएव्स म्हणतात हे मला नंतर मुलाने सांगितलं, हिला न सांगताच कळलं होतं.

तिथून जुनं शहर दहा मिनिटांवर. १२०१ साली बिशप अल्बर्टने वसवलेलं, गल्ल्या अरुंद आणि खाली गोट्यांची फरसबंदी, दिसायला झकास पण पायाचं भुस्काट पाडते. ब्लॅकहेड्सचं घर म्हणून एक लालभडक नक्षीदार इमारत आहे, ब्लॅकहेड्स ही अविवाहित व्यापाऱ्यांची संघटना होती, इमारतीचा पहिला उल्लेख १३३४ चा. १९४१ मधे बॉम्बने पडली, १९४८ मधे सोव्हिएत राजवटीने उरलेले अवशेषही काढून टाकले, आणि देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर लोकांनी ती जशीच्या तशी बांधली, १९९९ ला पूर्ण झाली. मी हे सगळं भारावून वाचून दाखवतोय आणि ही म्हणते, "म्हणजे आपल्या पोरापेक्षा लहान आहे की ही."

इथंच हिच्या बुटाचा तळ निघाला. नवीन बूट, निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेले. केसांचे दोन रबर लावून बांधला आणि पुढं चाललो, कारण बूट घेतला असता तर २६ युरोचं गणित तिथंच कोलमडलं असतं, आणि हे मी नाही, तीच म्हणाली.

स्वातंत्र्य स्मारक १९३५ चं, ४२ मीटर उंच, टोकावर एक बाई तीन तारे धरून उभी, लाटवियाचे तीन प्रदेश. सोव्हिएत काळात तिथं कुणी फूल वाहिलं तर सैबेरियाला रवानगी व्हायची म्हणून लोक या स्मारकाला गमतीने ट्रॅव्हल एजन्सी म्हणायचे. तुमच्या पुरवणीत एवढ्या जाहिराती असतात, ही माहिती कशी नाही आली? शेजारच्या कालव्याकाठी बागेत बेंचवर बसून ब्रेड, चीज आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी, जेवण झालं. काळ्या ब्रेडवर आपली चटणी फर्मास लागते, करून बघा.

दुपारी अल्बर्ट स्ट्रीट. रस्ता छोटा आहे पण मान वर करून तासभर जातो. एकेका घरावर दगडी चेहरे, कुणी किंचाळतंय, कुणी झोपलंय, सिंह, मोर, काय नाही. यातली बरीच घरं मिखाईल आयझेनस्टाइन या इंजिनियरची, सिनेमावाल्या सर्गेईचे वडील ते. तिकीट नाही, रांग नाही.

एका चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्टने जाता येतं, हिला जायचं होतं, तिकिटाचा फलक बघून मी मागे फिरलो आणि आमचं जरा वाजलं. समजूत काढायला पूल ओलांडून नदीपलीकडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेलं, ते फुकट. आत लोकांनी भेट दिलेल्या पुस्तकांची मजलेच्या मजले उंच भिंत आहे. २०१४ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, जुन्या ग्रंथालयातून इथपर्यंत सुमारे १४,००० माणसं रांगेत उभी राहिली आणि हातोहात पुस्तकं पोचवली. याच देशातली माणसं २३ ऑगस्ट १९८९ ला स्वातंत्र्यासाठी टॅलिनपासून लिथुआनियातल्या व्हिल्निअसपर्यंत हातात हात धरून ६०० किलोमीटर उभी होती, तिन्ही बाल्टिक देशांची मिळून वीसेक लाख. ही त्या भिंतीसमोर बराच वेळ नुसती उभी राहिली, मनोऱ्याचं नाव परत काढलं नाही.

रात्री दहाला बस स्टँडवर आलो तेव्हा चक्क उजेड होता, आणि तरी तीन भाऊ म्हणतात ती जुनी घरं आणि स्वीडिश दरवाजा राहिलाच. एवढं सगळं अर्ध्या दिवसात कसं बसवता ते तुमच्या तक्तेवाल्यांनी एकदा सांगावं.

आपला,
एक जुना वाचक, सातारा

ता. क. – ही म्हणते ब्रेडचं पण लिहा. पाऊण किलोचा होता, अर्धा टॅलिनला नेला, तीन दिवस पुरला. केसांचे रबर मात्र तुटले.