माइक नसलेली बैठक

मिरज

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही दोनदा 'हो, हो' म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय, ओळींमध्ये जागा सोडलीय. आईला वाचून दाखवायला सांगू नका, तुमचं तुम्हीच वाचा.

तुम्ही आता गाण्याला जात नाही, असं आई म्हणाली. मागच्या कार्यक्रमातून मध्यंतराआधीच उठलात, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलंत आणि घरी आल्यावर म्हणालात, "आपलं ऐकणं संपलं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रेडिओ लावून मला मांडीवर घ्यायचात आणि ताल फिरून पहिल्या मात्रेवर, समेवर, आला की माझ्या गुडघ्यावर बोट टेकवायचात. शाळेत जायच्या आधी मला सम कळायला लागली, ती तुमच्यामुळे. तुमचं ऐकणं संपलंय हे मी मानत नाही. नुसत्या मायेपोटी म्हणत नाहीये, त्याला कारण आहे.

आमच्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या मॅडम आहेत. त्यांना तुमचा रिपोर्ट दाखवला. त्यांनी फार नीट समजावून सांगितलं. वयानं कान मंदावतो तो सगळीकडून सारखा मंदावत नाही. उंच, बारीक आवाज आधी जातात. स, त, फ ही अक्षरं निसटायला लागतात. खालचे स्वर बराच काळ चांगले ऐकू येतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. शिवाय अशा कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा सोसत नाही, दोन्हींमधली जागाच अरुंद होते. आता सभागृहाचा विचार करा. चार बाजूंनी स्पीकर, तोच आवाज भिंतींवर आपटून पुन्हा येणार. त्यात यंत्र बिचारं बोलणं ऐकवण्यासाठी बसवलेलं. अखंड चालणारा तंबोरा त्याला गोंगाट वाटतो आणि ते तो दाबायला जातं. गाण्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली तर तुम्ही बसणार कशावर? बऱ्याच यंत्रांमध्ये संगीतासाठी वेगळी सोय करून घेता येते, ती तुमच्या यंत्रात करून घेऊ. पण त्याहून मोठी गोष्ट ही की गाणारा तुमच्यापासून चार हातांवर बसला पाहिजे, आणि मध्ये माइक नको.

अशी जागा इथे आहे.

माझ्या खोलीपासून पाच मिनिटांवर एक जुना वाडा आहे. त्याच्या माडीवर, शनिवारी संध्याकाळी, बैठक होते. सतरंज्या, भिंतीला टेकून चार-सहा लोड, आणि मागे खुर्च्या, कारण गुडघे सगळ्यांचेच दुखतात. आई, खुर्ची मागताना कुणी संकोच करत नाही, तूही करू नकोस. माडीला लाकडी तख्तपोशी आहे, भिंती मातीच्या जाड, त्यामुळे आवाज घुमत नाही. पेटी, तबला, दोन तंबोरे. सुरू होण्याआधी पंखे बंद करतात. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात, तरी कुणी कुरकुरत नाही, कारण पंखा बंद झाल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तंबोरा आधी भिंतीपाशी कुठेतरी असतो, तो हळूहळू खोलीभर होतो. पहिला षड्ज लागायच्या आत माणसं आपोआप गप्प होतात. मोठ्या कार्यक्रमात आवाज आपल्याकडे आणून टाकतात. इथे आपल्याला त्याच्याकडे जावं लागतं, आणि ते जाणं मला फार आवडायला लागलंय.

गाणाऱ्यालाही इथे वेगळंच गावं लागतं. माइकवर कुजबुजल्यासारखा स्वर लावला तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो. इथे आवाज मोकळा आणि भरीव लागला नाही तर दारापाशी बसलेल्याला काही मिळत नाही. पूर्वीचे गवई सगळे असेच गायले. त्या पिढ्यांची खुल्या आवाजाची तालीम माइक नसलेल्या खोल्यांमधून आली असणार, असं मला इथे बसल्यावर वाटायला लागलं. आणि दाद! कुणी हलकेच "वा" म्हटलं तरी गाणाऱ्याला ऐकू जातं, तो त्या माणसाकडे बघून तीच जागा पुन्हा घेतो. बाबा, समेवर तुमचं बोट टेकलं तर ते इथे गाणाऱ्याला दिसेल.

हे मिरजेतच का, तर या गावाची हवाच तशी आहे. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथे येऊन राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना ते गेले, पण त्यांना इथे आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि लांबलांबचे कलाकार हजेरी लावायला येतात. त्याच उरसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. देव कुणाचा, गाणं कुणाचं, हा प्रश्न इथे फारसा कुणी विचारत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं होतं, तिथेही तेच श्रोते दिसतात. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत होते. जवळच्या कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे मिरजेतच शिकले आणि पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. लहानपणी फटाक्यामुळे त्यांची दृष्टी अधू झाली होती, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. दृष्टी अधू झालेल्या मुलाला याच गावानं गाण्याकडे वळवलं, ते मला सारखं आठवतं.

आता खास तुमच्यासाठीची गोष्ट. सतारमेकरांची गल्ली तुम्ही बघायलाच हवी. मूळची ही घराणी शिकलगारांची, हत्यारं घडवणारी, त्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम संपत आलं तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला, आणि पुढे सतारमेकर हेच आडनाव झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, दुकानांच्या माळ्यावर वाळत टांगलेले असतात. एवढ्या मोठ्या भोपळ्यातून जे निघतं ते शेवटी अवलंबून असतं घोडीवर. तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. तिचा माथा सपाट दिसतो, पण किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर ओझरती घासत राहते आणि त्या घासण्यातून एका स्वराच्या पोटातून बाकीचे स्वर झिरपत बाहेर येतात. त्या उताराला आणि त्यातून उठणाऱ्या नादालाच जवारी म्हणतात. तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवला की नाद उघडतो किंवा मिटतो. ती जवारी काढायला कारागीर कानस चालवतात, मग तार छेडून ऐकतात, मग पुन्हा दोन घासे. मोजमापाचं कुठलंही साधन नाही. मी तिथे बसले की मला तुमचे हात दिसतात. वर्कशॉपमध्ये तुम्ही बेअरिंगचा आवाज ऐकून सांगायचात, हे बसलं, हे नाही बसलं. तिथल्या एका कारागीर काकांना मी तुमच्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "वडलांना आणा, दोन दिवस माझ्याजवळ बसू दे." त्यांनाही हल्ली कमी ऐकू येतं. विचारलं, मग जवारी कशी काढता? त्यांनी तंबोऱ्याच्या दांडीला कपाळ टेकवलं आणि तार छेडली. नंतर मलाही तसं करायला लावलं. नाद हाडातून आत येतो, बाबा. कानावाचून येतो. हे वाचून तुम्ही नक्की चष्मा काढून ठेवला असेल, मला माहीत आहे.

फोनमधला तंबोरा आता सगळे वापरतात, प्रवासात मीही लावते. पण घरोघरी तोच पुरला, तर या गल्लीतल्या मुलांनी कानस हातात का धरावी? काही जण दुसऱ्या कामाला लागलेतच. म्हणून बैठकीत खरे तंबोरे हवेत, हा आमच्याकडे सगळ्यांचा आग्रह आहे आणि मला तो मनापासून पटतो.

आई, आता तुझं. तू भजनी मंडळ सोडलंस कारण आवाज चढत नाही. 'माझ्यामुळे सगळ्यांना खाली यावं लागतं', हे तुझं कारण. इथे एक आजी आहेत, सांगलीच्या. आधी पेटीच्या 'काळी चार' पट्टीत गायच्या, आता 'काळी तीन'मध्ये गातात, थंडीत त्याहून खाली. येतात, बसतात, पेटीवाल्याला सांगतात, "आज पांढरी चार." तो मान डोलावतो, तंबोरे उतरवले जातात, संपलं. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषी झाला आणि त्या त्याच आवाजात आयुष्यभर गायल्या. किराणा घराण्याचंच गाणं ते, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडून आलेलं, म्हणजे खाँसाहेबांच्याच घरचं. पट्टी उतरली म्हणून गाणं उतरत नाही गं. एकादशीला मी जवळच्या गावात भजनाला जाते. तिथे पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, आणि गावातल्या बाया टाळ घेऊन पुरुषांच्या बरोबरीनं बसतात. वाड्यातल्या बायकांचंही वेगळं भजन आहे, मंगळवारी दुपारी. मी त्यांना सांगून ठेवलंय की माझी आई येणार आहे आणि तिला जुन्या चाली येतात. चालींसाठी त्या वाट बघतायत. तुझ्याकडच्या चाली दुसऱ्या कुणाला येत नसतील तर त्या तुझ्यापाशीच राहतील, हा माझा स्वार्थ समज.

त्या सांगलीच्या आजींची गोष्ट पूर्ण करते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्यांचं घर कृष्णेच्या पाण्यात होतं. त्या माळ्यावर अडकल्या होत्या, तंबोरा खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर भोपळ्याचा सांधा सुटला होता, भोपळ्यावरची लाकडी तबली फुगली होती. बैठकीतली माणसं गाळ काढायला गेली. त्यांच्यातल्याच एका पोरानं तो तंबोरा चादरीत गुंडाळून मिरजेला आणला. दांडी वाचली, भोपळा नवा घातला. आजी म्हणतात की आवाज पूर्वीसारखा नाही, थोडा दाट झालाय, पण आता तोच आवडतो.

मी इथे एकटी राहते म्हणून तुम्हाला काळजी असते. म्हणून हे सांगते. मला ताप आला त्या शनिवारी मी बैठकीला गेले नाही, तर रविवारी सकाळी पेटीवाल्यांच्या घरून भात आणि मेतकूट आलं. कुणी फोन करून विचारलं नव्हतं. माझी नेहमीची जागा रिकामी दिसली, एवढंच. तबल्यावर बसणाऱ्या मुलाचे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा रात्री कुणी थांबायचं याचे वार लावून घेतले होते. त्यात निवृत्त पोस्टमास्तर होते, शिंपीकाका होते, आमच्याकडच्या दोन नर्सही होत्या. गाण्याला पंचवीस-तीस माणसंच असतात. हजार माणसांत कोण आलं नाही हे कुणाला कळणार? डोंबिवलीत तुम्ही दोघं संध्याकाळी दार लावून घेता आणि मालिका लावता, हे मला इथे बसून डोळ्यांसमोर येतं आणि जीव लागत नाही. तिकडची माणसं वाईट नाहीत. पण तुमची रिकामी जागा बघणारं तिथे आता फारसं कुणी उरलेलं नाही.

म्हणून या. दोन-चार दिवसांसाठी नको, पाऊस सुरू होईपर्यंत राहायला या. तुम्हाला पटलं तर पुढचं पुढे बोलू. दादाशी मी बोललेय, त्याची ना नाही. गणपतीत मात्र इथे राहू नका, मिरवणुकीत डीजेनं खिडक्यांची तावदानं थरथरतात. ते तुमच्या कानांना अजिबात चालायचं नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री कल्याणला बसलात की सकाळी मिरज. दोन्ही खालचे बर्थ मिळतील असं बघून तिकीट मी काढते, तुम्ही फक्त तारीख सांगा. मी स्टेशनवर असेन. खोली तळमजल्यावर आहे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतलीय. बाबा, यंत्राच्या सेलची पाकिटं जास्तीची आणा आणि जुना रिपोर्टही, मॅडमकडे वेळ घेऊन ठेवलीय. आई, चालींची वही आण. कपाटात वरच्या खणात, लग्नाच्या शालूखाली आहे.

तारीख आईनं फोनवर सांगितली तरी चालेल, पण बाबा, तुम्ही मला कार्ड लिहा. तुमच्या अक्षरात.

तुमची,
धाकटी