मराठी टाइपरायटर किलोवर विकू नका

मा. संपादक,

‘सुटे भाग मिळत नाहीत’ असा शेरा मारून नागपुरातल्या कार्यालयांतले मराठी टाइपरायटर भंगारात निघतात. १९५५ पासून ही यंत्रे बनवणाऱ्या गोदरेजने उत्पादन थांबवूनही दशक उलटले, त्यामुळे शेरा खोटा नाही. पण बहुतेक यंत्रे अडतात ती दोरी, रबर नाहीतर मळ यांपायी, आणि त्यासाठी कंपनीचा भाग लागतच नाही.

अक्षर उमटते पण कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, जागची हलत नाही, तर तिला मागच्या स्प्रिंगच्या डब्याशी जोडणारी दोरी तुटलेली असते. इतवारीच्या बाजारात मिळणारी विणलेली नायलॉन दोरी, जाडी साधारण १ मिलिमीटर, चालते. तंगूस नको, तो ताणतो आणि गाठ सरकते. लांबी जुन्या तुकड्यांवरून घ्यावी. स्प्रिंगचा डबा हातातून सोडू नये, सुटला तर बोटे सोलवटतात. डब्याला पीळ देत देत कॅरेज ओळीच्या शेवटी, पार डावीकडे नेऊन टाइप करून पाहावे. तिथे ती ओढली जाते इतकाच ताण पुरे. जास्त दिला की मधल्या जागा सुटायला लागतात.

अक्षरांचे खिळे (ठसे) ज्यांच्या टोकाला असतात त्या दांड्या चिकटल्या की लोक तेल सोडतात. दोन दिवस बरे वाटते, मग धूळ बसून त्याचा चिकटा होतो. कागद ज्यावर चढतो त्या मोठ्या रोलरवर फडके टाकून दांड्यांच्या खाचा टूथब्रश आणि टर्पेंटाइनने धुवाव्यात आणि कोरड्याच ठेवाव्यात.

रबराचा खरा वैरी आपला उन्हाळा. मोठा रोलर दगड झाला की अनुस्वार आणि पूर्णविराम कागदाला भोके पाडतात. मागे एक जादा कागद लावला तरी बरेच निभते. कागद ओढणाऱ्या लहान रोलरांचे रबर खरवडून वायरमनची हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी थरावर थर चढवता येते, मात्र मूळ व्यास आधी व्हर्नियर कॅलिपरने मोजून ठेवावा. मोठ्या रोलरवर हा प्रयोग जपूनच करावा: व्यास वाढला की ओळींतले अंतर वाढते आणि खिळे रोलरवर आदळतात. रिबनची चकरी थ्रीडी प्रिंटरवर छापून मिळते. ती पीएलए या प्लॅस्टिकची नको, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात टिनाखाली किंवा बंद गाडीत ठेवलेली चकरी वाकडी होते. त्याऐवजी पीईटीजी हे प्लॅस्टिक घ्यावे.

घरी होत नाही ते एकच: देवनागरी खिळे. ते दांडीवर नेमक्या उंचीला डाखलेले असतात. शिवाय काना-मात्रांच्या काही कळा कॅरेज पुढे न सरकवणाऱ्या असतात, त्यांची जोडणीच वेगळी. त्याच मॉडेलचे इंग्रजी यंत्र स्प्रिंगा, स्क्रू देईल. ‘क्ष’ कुठून देणार?

म्हणून कार्यालयांनी आणि बंद पडलेल्या टंकलेखन संस्थांनी मराठी यंत्रे लोखंडाच्या ढिगात न टाकता वेगळी काढून, नगावर, दुरुस्ती करणाऱ्यांना विकावीत. खिळ्यांसह दांड्या शाबूत असल्या तर बाकी सांगाडा गंजलेला असला तरी घेणारे आहेत.

– एक टाइपरायटर कारागीर, महाल, नागपूर