अण्णा, वजा गुणिले वजा आता पोरांना कळतंय

अण्णा, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल चल, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून विषयच बदलता, दोनदा झालं असं, म्हणून आता लिहूनच टाकतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी पोरींना बीएडला जायचं असतं आणि त्यांना पहिल्याच खिडकीवर कुणीतरी "नाही होणार" म्हणून परत पाठवतं. मला पाठवलं होतं तसं.

तुम्हाला आठवत असेल नसेल, मी २०२२ च्या उन्हाळ्यात तुमच्या दुकानात बीएससीच्या मार्कशीटची झेरॉक्स काढायला आले होते. बीएडसाठी नाही, एका दुकानात अकाउंट लिहायची नोकरी होती तिथं द्यायला. तुम्ही मार्कशीट काचेवर ठेवता ठेवता विचारलंत, "गणित घेऊन बीएस्सी झालीस, मग काय करूलालीस आता?" मी म्हटलं बीएड करायचं होतं पण मला ४८ टक्केच आहेत, ५० लागतात, आदल्या वर्षी एका ठिकाणी विचारलं तर त्यांनी मार्कशीट बघून लगेच परत दिली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. झेरॉक्स दिली, दोन रुपये घेतले. मी पायरी उतरले तेवढ्यात हाक मारलीत, "थांब गं, कुणी सांगितलं ५०? वाचलीस का तू?"

मी वाचलं नव्हतं अण्णा. पूर्ण एक वर्ष मी घरात बसून अम्माबरोबर विड्या वळल्या, पाला भिजवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा, कापायचा, संध्याकाळी मोजून बांधायच्या, आणि त्या वर्षात एकदाही मी ती सीईटीची, म्हणजे बीएडच्या प्रवेश परीक्षेची, माहिती पुस्तिका स्वतः उघडून बघितली नाही. तुम्ही कॉम्प्युटरवर उघडलीत, पात्रतेचं पान शोधलंत आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलंत. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५. आम्ही पद्मशाली, एसबीसीत (विशेष मागास प्रवर्गात). म्हणजे मी आदल्या वर्षीही पात्र होते! मला तिथंच रडू आलं आणि तुम्ही पंखा माझ्याकडं वळवून दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड काढायला लागलात. तेवढं एक पान तुम्ही मला झेरॉक्स काढून दिलंत, पैसे घेतले नाहीत. ते पान अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

मग पुढचे दोन महिने तर तुमचं दुकान म्हणजे माझं ऑफिसच झालं. नॉन क्रिमी लेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे याचं सर्टिफिकेट, काढायचं हे तुम्हीच सांगितलंत, आणि नुसतं "काढ" म्हणून नाही, तर ते ३१ मार्च २०२३ पर्यंत चालणारं पाहिजे, जुनं असेल तर उपयोग नाही, ते नसेल तर तुला खुल्या प्रवर्गात धरतील आणि मग ४८ टक्क्यांवर परत तेच, हे सगळं समजावून. आई-बाबांच्या उत्पन्नाचा दाखला, सेतूतल्या चकरा, तहसीलला दोनदा गेले, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा साहेब मीटिंगला. परत आले की तुम्ही विचारायचात "झालं?" आणि मी नाही म्हटलं की "उद्या सकाळी दहाच्या आत जा" एवढंच. ओरडला नाहीत कधी आणि उगाच धीरसुद्धा दिला नाहीत. त्याचीच मला गरज होती तेव्हा, घरी सगळे एक तर घाबरवायचे नाहीतर "होईल होईल" म्हणायचे.

आणि नावाचं स्पेलिंग! बारावीच्या मार्कशीटवर बाबांच्या नावात एक अक्षर जास्त होतं आणि आधारवर नव्हतं. मी वीस वर्षं ते नाव बघतेय, माझ्या लक्षात आलं नाही, तुम्ही फॉर्म सबमिट करायच्या आधी चष्मा काढून स्क्रीनजवळ जाऊन प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून बघितलात. म्हणालात, "फॉर्म भरणं म्हंजे टाइप करणं नव्हे, जुळवणं." आता माझ्या वर्गातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरते तेव्हा मी तसंच करते, बोट ठेवून एकेक अक्षर.

सीईटीचं म्हणाल तर ती मला वाटली तेवढी अवघड नव्हती. १०० प्रश्न, ९० मिनिटं, मानसिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३०, शिक्षक अभियोग्यतेचे ३०, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. मी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून पेपर वाचायचे आणि घरी आकडेवारीचे, मालिकेचे प्रश्न सोडवायचे. ऑगस्टमध्ये पेपर झाला. पण त्यानंतरच्या कॅप राऊंडला, म्हणजे कॉलेज वाटपाच्या फेरीला, ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं कुठल्या क्रमानं टाकायची यावर आपली जी चर्चा झाली ती महत्त्वाची होती. मी घाबरून "जे मिळेल असं वाटतंय" ते वर टाकत होते. तुम्ही म्हणालात, नाही, जे हवंय ते वर, मिळणारं खाली, मशीन वरून खाली बघत येतं, तू स्वतःलाच कशाला कमी धरतेस. आणि अनुदानित आधी, विनाअनुदानित नंतर, फी बघ म्हणालात. त्या एका सल्ल्यानं अम्माचे किती पैसे वाचले ते अम्माच सांगेल. दिवाळी होऊन गेली तरी राऊंड चालू होते, शेवटी अनुदानित कॉलेज मिळालं तेव्हा मी आधी तुमच्याकडं आले आणि मग घरी.

पण अण्णा खरे आभार फॉर्मचे नाहीतच. फॉर्म दुसऱ्या कुणीही भरला असता कदाचित. मला जे लिहायचंय ते त्या कपाटाच्या दाराबद्दल.

बीएडला लागल्यावर पहिल्यांदा सूक्ष्म अध्यापन असतं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर आपलेच वर्गमित्र विद्यार्थी होऊन बसतात, आणि एका पाठात एकच कौशल्य दाखवायचं, प्रस्तावना, स्पष्टीकरण, प्रश्न विचारणं, फलकलेखन असं एकेक. मग मार्गदर्शक प्राध्यापक आणि बाकीचे चुका सांगतात आणि तोच पाठ परत घ्यायचा. माझ्या पहिल्या पाठाला मॅडमनी लिहून दिलं, "प्रश्न विचारून विद्यार्थ्यांना विचार करायला वेळ देत नाही, उत्तर स्वतःच देते." मी हे तुम्हाला सांगितलं, सहज, झेरॉक्स काढता काढता. तर तुम्ही म्हणालात रात्री नऊला ये, गर्दी कमी असते, मला शिकव.

मला वाटलं चेष्टा करताय. पण तुम्ही खरंच स्टूल ओढून बसलात, शटर अर्ध्यावर, मशीन बंद करून, आणि त्या हिरव्या लोखंडी कपाटाच्या दारावर लिहायला खडू काढून दिलात. अम्मा पहिल्या दिवशी सोबत आली होती, नंतर तुमच्या घरच्या काकूच येऊन बसायला लागल्या. तुम्ही सातवीत असताना शाळा सोडून मागावर गेलात हे मला त्या दिवशी कळलं. म्हणालात, "सातवीपासूनच सुरू कर, माझं तिथंच ऱ्हायलंय."

सातवीच्या पुस्तकात पूर्णांक संख्यांचा गुणाकार आहे. माझं पाठ टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, एकदम व्यवस्थित होतं, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, सगळे रकाने भरलेले. मी कपाटावर लिहिलं, वजा गुणिले वजा बरोबर अधिक. नियम सांगितला, चार उदाहरणं सोडवली, विचारलं "समजलं?" तुम्ही म्हणालात, "नाही."

मी परत सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. तुम्ही परत "नाही." आणि मग तुम्ही विचारलंत ते मी अजून वहीत लिहून ठेवलंय. "माझ्यावर कागदवाल्याची उधारी हाय, टोनरवाल्याची हाय. दोन्ही वजा. मग ह्या दोन उधाऱ्या एकमेकांला गुणल्या तर माझ्या गल्ल्यात पैसे कुठनं येतील?"

मला उत्तर आलं नाही. गणितात बीएस्सी केलेली मी, नियम लहानपणापासून पाठ, आणि का ते मला कधी कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात उद्या सांग.

त्या रात्री मी झोपलेच नाही म्हटलं तरी चालेल. शून्याखालचं तापमान, पाणबुडी, समुद्रसपाटी, असली नेहमीची उदाहरणं डोक्यात येत होती आणि एकही आपल्याला उपयोगाचं वाटत नव्हतं. सोलापुरात मे महिन्यात ४३-४४ डिग्री बघणाऱ्या पोराला शून्याखालचं तापमान काय सांगणार. मग पहाटे एकदम तुमची उधारीची ती लाल कापडी वही डोळ्यांसमोर आली.

दुसऱ्या दिवशी मी तीच वही मागितली. म्हटलं, अण्णा, दोन उधाऱ्या गुणायच्याच नाहीत. दुसरा आकडा उधारी, आणि पहिला आकडा म्हणजे ती किती वेळा लिहिली किंवा किती वेळा खोडली. तुमच्या नावावर २० रुपयांची उधारी ३ वेळा लिहिली तर तुम्ही ६० नं खाली गेलात, ३ गुणिले वजा २०, वजा ६०. आता तीच २० ची उधारी ३ वेळा खोडली, माफ केली, तर? वजा ३ गुणिले वजा २०. तुम्ही किती वर आलात? तुम्ही वहीकडं बघत बसलात. आणि मी गप्प राहिले अण्णा, पहिल्यांदा, मॅडमनी लिहून दिलं होतं तसं थांबले. बाहेरून एक रिक्षा गेली, काकूंनी बांगड्या सारल्या, तरी मी बोलले नाही. मग तुम्ही म्हणालात, "साठनं वर आलो की. खोडलं म्हंजे आलंच." आणि स्वतः उठून कपाटावर लिहिलंत, अधिक ६०, तो सहा जरा वाकडा आला होता.

तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते बघून मला कळलं की मला हेच काम करायचंय.

त्यानंतर जवळजवळ रोज, दीड वर्ष. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत दुकानात गर्दी असायची तेव्हा तेवढं बंद. अपूर्णांक, समीकरणं, विज्ञानातले परिपथ, सगळं आधी तुम्हाला आणि मग सराव पाठात मुलांना. इंटर्नशिपला शाळेत गेले तेव्हा बाकीच्या मुलींना वर्गाची भीती वाटायची, मला नाही वाटली, कारण तुमच्याएवढ्या वेळा "नाही कळलं" म्हणणारा विद्यार्थी मला शाळेत भेटलाच नाही. उलट मुलं "हो" म्हणतात आणि कळलेलं नसतं. ते "हो" ओळखायला मी तुमच्याकडं शिकले. तुम्हाला खरंच कळलं की तुम्ही खडू मागता. मुलांचंही तसंच असतं, कळलं की फळ्यापाशी यायला बघतात.

टीईटीचं, शिक्षक पात्रता परीक्षेचं, तर तुम्हाला माहीतच आहे, १० नोव्हेंबर २०२४ ला पेपर दोन दिला, गणित-विज्ञान गटातून, १५० पैकी आम्हाला ५५ टक्के म्हणजे ८३ लागतात, मला ९४ पडले. निकालाच्या दिवशी साइट उघडत नव्हती आणि तुम्ही दुकानातलं सगळं काम थांबवून रिफ्रेश मारत बसला होता, तीन गिऱ्हाइकं परत पाठवलीत. त्या पेपरातल्या बालमानसशास्त्राच्या प्रश्नांना मला पुस्तकापेक्षा तुमच्याबरोबरच्या रात्री जास्त उपयोगी पडल्या हे मनापासून सांगते. आता राहिली टीएआयटी, शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, २०० प्रश्न १२० मिनिटांत, ती झाली की शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, आणि नंबर लागला तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. लांबचा रस्ता आहे, सोपा नाही, पण आता मी एकेक कागद स्वतः वाचते.

सध्या तासिकेवर सातवी-आठवीला शिकवते. मागच्या आठवड्यात तोच धडा आला. मी नियम फळ्यावर लिहिलाच नाही. एक कोरी वही उधारीची वही म्हणून नेली आणि एका मुलाला दुकानदार केलं, एका मुलीला गिऱ्हाईक. लिहिलं, खोडलं, लिहिलं, खोडलं. मग खाली ३ गुणिले वजा २, २ गुणिले वजा २, १ गुणिले वजा २, शून्य गुणिले वजा २ अशी उतरंड मांडली आणि उत्तरं लिहायला लावली, वजा ६, वजा ४, वजा २, शून्य, आणि पुढचं विचारून थांबले. मागच्या बाकावर एक मुलगी आहे, तिची आईपण विड्या वळते, वर्गात सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "मॅडम, मला कळंना, परत सांगा." सगळा वर्ग तिच्याकडं वळून बघायला लागला. मी म्हटलं शाबास, आणि परत सांगितलं. दुसऱ्यांदा तिनं खडू मागितला.

अण्णा, ते मी तुम्हाला येऊन सांगणारच होते पण घसा दाटून आला असता आणि तुम्ही गिऱ्हाईक आलं म्हणाला असता.

शनिवारी सकाळची शाळा असते, सुटली की येते. घटक चाचणीचे पेपर काढायचेत, ४६ प्रती, दोन्ही बाजूंनी, आणि ह्या वेळी पूर्ण पैसे घ्यायचे, शाळा देते. अम्मानं शेंगाचटणी कुटून ठेवलीय, काकूंना डबा धुऊन परत पाठवायची घाई करू नका म्हणावं. आणि कपाटाचं दार पुसू नका, अपूर्णांकांच्या भागाकाराचं आपलं अर्धं राहिलंय.

तुमची,
सातवीची मॅडम