बाबांच्या शब्दकोड्यासाठी ब्लेचलीहून

ती. बाबा आणि आई,
सा.न.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात ना की 'द इमिटेशन गेम'मधला शब्दकोडं सोडवून नोकरी लागते तो सीन फार आवडला, म्हणून रविवारी मुद्दाम ब्लेचली पार्कला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश जिथे उलगडायचे तिथे, जाऊन आले, लंडनच्या युस्टनहून ट्रेनने तासाभरात पोचतो.

तर शब्दकोड्याची गोष्ट खरी आहे! जानेवारी १९४२ मध्ये डेली टेलिग्राफ ह्या वर्तमानपत्राने १२ मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काही जणांना नंतर इथे बोलावून घेतलं. पण सिनेमातली ती जोन क्लार्क त्यातून नाही आली, ती १९४० पासूनच इथे होती, केंब्रिजला तिला शिकवणाऱ्या गॉर्डन वेल्चमनने आणलं तिला. आणि सिनेमात सगळं त्या गणितज्ञ ट्युरिंगच्या एकट्याच्या डोक्यातून निघतं ते मला नाही पटलं, पोलंडच्या रेयेव्स्की वगैरे तीन पोरांनी १९३० च्या दशकातच एनिग्मा, म्हणजे संदेश सांकेतिक करायचं जर्मनांचं यंत्र, फोडलं होतं आणि युद्धाच्या तोंडावर, जुलै १९३९ मध्ये, सगळं इंग्रजांच्या हातात दिलं, त्यांचं नाव मोठ्याने घ्यायला हवं होतं.

एक गंमत तुमच्यासाठी. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःचंच स्वतः होत नाही, ए चा ए कधीच नाही. मग हे लोक अंदाज करायचे की ह्या मेसेजमध्ये 'हवामान'साठीचा जर्मन शब्द असणार, तो शब्द मेसेजखाली धरून सरकवत जायचे आणि जिथे वरखाली एकच अक्षर आलं ती जागा बाद. अगदी तुम्ही पेन्सिलीने भरता आणि खोडता तसंच!

आई, तिथे काम करणाऱ्यांत चारातल्या तीन बायका होत्या, कितीतरी जणी विशीतल्या. १९७० च्या दशकापर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. काहींचे आईवडील तर मुलीने युद्धात काय केलं ते न कळताच गेले. हे ऐकलं आणि मला एकदम तुमची आठवण आली, मी इथे साधी भाजी जळली तरी तुम्हाला कळवते, त्या पोरी घरी पत्रात काय लिहीत असतील गं?

बाबा, त्या स्पर्धेतलं कोडं प्रिंट करून सोबत पाठवतेय. इंग्रजी आहे, अवघड आहे. घड्याळ लावून बसा आणि किती मिनिटं लागली ते कळवा, आईला शेजारी बसवा म्हणजे वेळ बरोबर लिहिली जाईल.

तुमची,
धाकटी