दगडफूल, फॅन आणि ग्रुपवरचा तो मेसेज

प्रिय आई-बाबा,

फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुम्हाला माहितीये, म्हणून लिहितेय. जरा लांबेल. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा, तिचा चष्मा अजून दुकानातच असणार.

आई, परवा तू ग्रुपवर टाकलास ना तो मेसेज, मुलांना रोज जंगलात न्या, ऑटिझम मुळापासून बरा होतो वगैरे, त्यावर मी तिथे गप्प बसले कारण दादा-वहिनी पण आहेत ग्रुपवर आणि पिंट्याचं निदान झाल्यापासून त्यांना रोज कोणी ना कोणी उपाय सांगतंच आहे. तुम्हाला दोघांना सांगते. ऑटिझम बरा वगैरे होत नाही गं, तो आजारच नाही, मेंदूची घडणच तशी असते जन्मापासून. पिंट्याची आहे, माझीही आहे, माझी कळायला पस्तिशी उलटली एवढंच. मुलींचं असं बरेचदा होतं, कोपऱ्यात गप्प बसलेली मुलगी कुणाला खटकत नाही, उलट गुणी म्हणतात. आणि तू विचारलंस ना की लहानपणी तुला परसात एकटीला सोडायचो म्हणून तू अशी झालीस का, तर बाई गं, उलटं आहे. मी अशी होते म्हणून परसात जाऊन बसायचे.

तुला आठवतं का, गोड्या मसाल्याचं दगडफूल निवडायला तू मला बसवायचीस? बाकी कुणी टिकायचं नाही त्या कामाला, आणि मी दुपारभर सालपटं, काड्या बाजूला काढत बसायचे. वरून करडं, खालून काळं, कडा वळलेल्या, आणि तो वास! मग तसलंच काहीतरी आपल्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, दिसलं आणि मी तिथेच अडकले. पहिला पाऊस पडला की ते वाळलेले करडे पापुद्रे बघता बघता हिरवे होतात, कारण वरचा थर भिजला की पारदर्शक होतो आणि आतलं शेवाळ दिसायला लागतं. हो, ते एक झाड नाहीच, बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात, बुरशी घर देते, शेवाळ उन्हावर अन्न बनवतं. आणि वाढ किती, तर बऱ्याच जातींची वर्षाला काही मिलिमीटर. इथे पुण्यात आघारकर संस्थेत याचा मोठा संग्रह आहे, लोकांनी अख्खं आयुष्य यावर घालवलंय, हे कळलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आता हे असं का होतं, तर डायना मरे नावाची ब्रिटनमधली संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2005 सालच्या एका लेखात एक कल्पना सविस्तर मांडली, मोनोट्रॉपिझम. ती स्वतःही ऑटिस्टिक होती. म्हणजे बघा, आपल्याकडे घरातले सगळे नळ बंद केले की बागेतल्या एकाच नळाला कसं धो धो पाणी येतं, तसं आमचं लक्ष एकाच ठिकाणी जातं, आणि मध्येच कुणी दुसरा नळ सोडला की सगळंच बिघडतं. लग्नाच्या हॉलमध्ये दहा नळ एकदम सुटलेले असतात, कोण काय बोललं, चेहरा कसा होता, आपण हसायचं का, वर डीजे. गडग्यासमोर एकच. शिवाय दगडफूल माझ्याकडे बघत नाही, "काय गं, बोलत का नाहीस" विचारत नाही.

आवाजाचंही तेच. मिक्सर लागला की मी कान दाबायचे आणि पत्र्यावरच्या पावसात मात्र ढाराढूर झोपायचे, त्यावरून बाबा तुम्ही नाटकी म्हणायचात. आवाज किती मोठा यापेक्षा तो अचानक येतो की एकसारखा चालतो याचा मला जास्त फरक पडतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकात 2013 पासून हे संवेदनांचं प्रकरण अधिकृतपणे आलंय, तेव्हा नाटक नव्हतं ते. पण जंगल म्हणजे सगळं सुखाचं असंही नाही हां, ओले मोजे आणि जळवा यांच्यापुढे मला तो हॉलसुद्धा चालेल.

माझ्यासारखे बरेच आहेत. बीबीसीवर प्राण्यांचे कार्यक्रम करणारा ख्रिस पॅकहॅम, त्याला चाळिशीत निदान मिळालं. आयर्लंडच्या उत्तरेकडचा डारा मॅकअनल्टी, त्याची पक्षी-किड्यांची डायरी तो 16 वर्षांचा असताना 2020 साली छापून आली. बाबा, तुम्हाला ती स्वीडनच्या संसदेबाहेर बसलेली ग्रेटा आवडते ना, ती पण.

पण म्हणून सगळ्या ऑटिस्टिक मुलांना झाडं आवडतात असा अर्थ काढू नका, मला हेच मुख्य सांगायचंय. कुणाला रेल्वेची टाइमटेबलं, कुणाला लिफ्ट, आपल्या पिंट्याला फॅन. तो फॅनकडे बघतो तेव्हा त्याचा चेहरा बघा, मी गडग्याकडे बघताना तशीच दिसत असणार. मे महिन्यात तो आला की त्याला निसर्गाची गोडी लागावी म्हणून ओढत आमराईत नेऊ नका. स्वतःहून गेला तर जाऊ दे, आणि गेला तर मागे राहा, हे काय, ते काय, कावळा कसा करतो असं विचारत बसू नका.

आणि हे मात्र गंमत म्हणून सोडून देऊ नका. अशी पुष्कळ मुलं न सांगता घराबाहेर पडतात आणि पाण्याकडे ओढली जातात, बुडून जाण्याचा धोका त्यांना खूप जास्त असतो. आपल्या विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा आहे. तो यायच्या आधी वर लोखंडी जाळी बसवून घ्या, कुलूप लागेल अशी, पैसे मी पाठवते, शेजारच्या काकांचा वेल्डर आहेच. आणि मागच्या दाराला वरची कडी.

गडगा धुऊन सिमेंट मारायचं म्हणत होता ना, ते मी येईपर्यंत राहू द्या. बाबा, माजघरातला तो बंद फॅन मात्र दुरुस्त करा, रेग्युलेटरसकट. पिंट्याला स्पीड एक ते पाच करून बघायला लागतो.

तुमची,
चिमी