दुखणं अंगावर काढू नका

तीर्थरूप आई आणि अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तब्येतीचा विषय काढला की आई "जेवलीस का" यावर येते आणि अण्णा फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितेय. अण्णा, चष्मा लावून सावकाश वाचा.

मागच्या महिन्यातली एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. ऑफिसच्या जिन्यात मला गरगरलं आणि कठडा धरून मी खालीच बसले. त्याआधी सात-आठ महिने डोकं दुखत होतं. मेडिकलमधून गोळी आणायची, घ्यायची, कामाला लागायचं. मार्च एंड होऊ दे, पोराची परीक्षा होऊ दे, मग बघू. डॉक्टरांनी पट्टा बांधला तर बीपी वरचं १६४, खालचं १०२. दोन दिवसांनी परत बोलावून मोजलं, तरी तेवढंच. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला बीपी, शुगर?" अण्णांना बीपीची गोळी चालू आहे, एवढं सांगितलं. "आणि आईला?"

मला उत्तर देता आलं नाही. आई, तुला चहात साखर किती लागते, कुठल्या कुशीवर झोप लागते, कुठल्या भाजीनं पित्त होतं, हे सगळं मला ठाऊक आहे. तुझं बीपी किती, रक्त किती, हे मला माहीत नाही, कारण ते कुणी कधी मोजलेलंच नाही. बासष्ट वर्षांत तू दवाखान्यात गेलीस ती आमच्या बाळंतपणांना आणि दुसऱ्यांना डबा द्यायला.

घाबरू नका. माझी गोळी सुरू झालीय, रोज पाऊण तास चालते, लोणचं-पापड कमी केलंय. परवा मोजलं तेव्हा १२८ आणि ८२ होतं. पण त्या दिवशी रिक्षातून घरी येताना एकच विचार डोक्यात होता. हे "होऊ दे, मग बघू" मी आपल्याच घरातून घेऊन आलेय.

आपल्याकडे दवाखान्याची तारीख शेत ठरवतं. सोयाबीन निघू दे. ते निघालं की हरभऱ्याची पेरणी. मग येळवसीच्या सणाची शेतातली पंगत, त्यात तर आठ दिवस आधीपासून आईला श्वास घ्यायला फुरसत नसते. मग तुरीची रास, मग ज्वारीची काढणी, मग लग्नसराई, मग उन्हात कुठं जाता, आणि मग मृग. आईच्या गुडघ्यानं असं सगळं चक्र तीनदा पाहिलंय. शेत मोकळं होईल तो दिवस उजाडत नाही, अण्णा. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

लहानपणी तुम्ही मला लातूरच्या मार्केट यार्डात न्यायचात ते आठवतंय. घरून निघायच्या आधी तुम्ही सोयाबीनचा एक दाणा दाढेखाली धरायचात. "कट्टकन वाजला पाहिजे," म्हणायचात. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, हा आकडा मला दुसरीत पाठ होता. मालाचा ओलावा ज्या माणसाला दाढेवर कळतो, त्या माणसाला मी दिवाळीत विचारलं, तुमचं शेवटचं बीपी किती होतं? तर म्हणालात, "चांगलं होतं." किती ते नाहीच.

आणि ती अर्धी गोळी. येळवसीला मी देवळीत काड्यापेटी शोधत होते, तेव्हा वर्तमानपत्राच्या कागदात पुडी सापडली. सुरीनं नीट अर्ध्या केलेल्या तेरा गोळ्या. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरवायचं, आणि तीही डोकं जड झालं तरच घ्यायची. मी ती पुडी तशीच ठेवली आणि काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. अण्णा, बीपीत बहुतेक वेळा डोकं जड होतच नाही. काहीच होत नाही, म्हणून तर ते वाईट. आत हृदयावर, मूत्रपिंडावर, डोळ्यांच्या बारीक नसांवर ताण पडत राहतो आणि माणूस म्हणतो मला काय धाड भरलीय. मोजल्यावर बीपी नीट आलं तर ते गोळीमुळे नीट आलेलं असतं. म्हणून ती बंद करायची नसते. अर्धी करायची असेल तर डॉक्टरांनी करायची, आपण नाही.

तुमचा हात का आखडतो हेही मला कळतं. १९७२ च्या दुष्काळात अठराव्या वर्षी तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडलीत, मिलोच्या लाल ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेत. ज्यानं ते पाहिलं त्याला स्वतःवर केलेला खर्च चैनच वाटणार. पण पुढंही हात आखडलात तो आमच्यासाठीच ना? मग आमच्यासाठीच ही गोळी अख्खी घ्या. पैशाचं मी बघते. आणि तंबाखू आज सुटणार नसेल तर निदान डाव्या गालातला तो पांढरा चट्टा दाखवू. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांच्या वर राहिला की दाखवायचाच असतो.

आता पुढचं आईसाठी आहे. अण्णा, हे पान तिच्याकडे द्या.

आई, लातूरला जायचं असलं की तू सकाळपासून पाणी पीत नाहीस. बसस्टँडवर कुठं जायचं म्हणून. लग्नाला गेलीस तर तिथंही घोटभरच. मग संध्याकाळी लघवीला जळजळतं, तू धण्याचं पाणी पितेस आणि कुणाला सांगत नाहीस. मागच्या उन्हाळ्यात ताप आला तो त्यातूनच आला असेल, असं मला वाटतं. आणि मावशीजवळ तू जे बोललीस ते तिनं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर कपड्याला डाग दिसला, तर तो एकदाच का असेना, दाखवायचा असतो. बहुतेक वेळा साधंच काही निघतं. पण वाट बघण्यातलं ते दुखणं नाही. शरम वाटत असेल तर बाई डॉक्टरच असतील, मी बाहेर थांबेन किंवा आत येईन, तू म्हणशील तसं.

आणि "पिशवी काढून टाकली की कटकट गेली" हे शेजारच्या कुणी सांगितलं तर लगेच हो म्हणू नकोस. आपल्या बीडकडच्या ऊसतोड बायांचं काय झालं ते २०१९ ला सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. तरण्या बायांच्या पिशव्या काढल्या, कारण पाळीत कोयता थांबला की मजुरी बुडते. मावशीचीही पस्तिसाव्या वर्षी काढली, तेव्हापासून तिची कंबर धरलीय. आधी तपासणी, सोनोग्राफी, मग काय ते ठरवू.

सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं, हेही आता बंद कर. येळवसीला चाळीस माणसं भज्जी-आंबील जेवून उठली आणि तू चारला झाडाखाली कोरडी भाकरी घेऊन बसलीस. जिना चढताना तुला लागणारी धाप वयाची आहे असं तू म्हणतेस. मला वाटतं ती रक्ताची आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की कमीच. बघू तुझं किती येतं.

आता अण्णांनीही ऐकावं. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं मी निघतेय. शनिवारी सकाळी तुम्हा दोघांचं रक्त तपासायचं: हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, शिवाय मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन. मग अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दोघांना दाखवू. पुढं दर महिन्याला आपल्या उपकेंद्रात बीपी मोजून घ्यायचं, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं तिथं फुकट मोजतात. आशाताईंशी मी बोललेय. आकडा कॅलेंडरवर लिहायचा, दुधाचा हिशोब लिहिता तसा.

अण्णा, तुमचं आधार कार्ड काढून ठेवा. सत्तरीच्या वरच्यांना आता उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड मिळतं, ते काढून घेऊ. पण ते भरती झाल्यावर कामाला येतं. तशी वेळ येऊ नये म्हणून शनिवार.

सोयाबीन दोन दिवस उभं राहील. दादाला मी सांगितलंय, मळणीयंत्र सोमवारी येईल.

आई, शनिवारी उठल्या उठल्या चहा टाकू नकोस, रक्त उपाशीपोटी द्यायचंय. पाणी मात्र पी, पोटभर. दवाखान्यात बाथरूम आहे, मी विचारून घेतलंय.

तुमची,
थोरली