ध्वनियंत्र दुरुस्ती कक्षासाठी साधनांचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, भजनी मंडळे, नाट्यमंडळे व हितचिंतकांस सविनय नमस्कार.

श्रावणातील भजनी सप्ताहापासून चवथ, जत्रा आणि शिमग्यापर्यंत आपल्या फोंडा तालुक्यातील देवळांत जे अॅम्प्लिफायर आणि मिक्सर चालतात, त्यांपैकी कित्येक केवळ एखादा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) सुकल्यामुळे किंवा पावसाळी दमट हवेने जोड गंजल्यामुळे बंद पडतात आणि कायमचे माळ्यावर जातात. ते गावातच दुरुस्त व्हावेत आणि तरुणांना हे काम शिकता यावे, यासाठी मंडळाने सभागृहालगतची खोली मोकळी करून दिली आहे. शिकवायला निवृत्त तंत्रज्ञ तयार आहेत. उणीव आहे ती साधनांची.

साधने ठरवताना महाग तेच चांगले, असा हिशेब आम्ही केलेला नाही. माणसाला ऐकू येणारा ध्वनी साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढ्या पट्ट्यातला असल्यामुळे प्रयोगशाळेतून बाद झालेला, पण चालू स्थितीतला २० मेगाहर्ट्झचा जुना ऑसिलोस्कोप (विद्युत लहरींचा आकार पडद्यावर दाखवणारे यंत्र) आम्हाला भरपूर झाला. सोल्डरिंगच्या बाबतीत मात्र काटकसर अंगाशी येते. तापमानावर ताबा नसलेला स्वस्त आयर्न नवशिक्याच्या हाती दिला, तर जुन्या सर्किट बोर्डावरचे तांब्याचे पट्टे सुटून वर येतात आणि किरकोळ बिघाडाचा मोठा होतो. म्हणून तापमान नियंत्रित करता येणारी दोन सोल्डरिंग स्टेशने, सोल्डर ओढणारा पंप आणि रोझिनयुक्त (राळ असलेले) ६०/४० सोल्डर, म्हणजे ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेले, हवे आहे. हे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसपासून वितळू लागते. शिसेविरहित सोल्डरला त्याहून बरीच जास्त उष्णता लागत असल्याने शिकणाऱ्यांसाठी ते तूर्त नको. रोझिनचा धूर बाहेर टाकणारा छोटा पंखा कोणी दिल्यास तोही स्वीकारू.

दोन डिजिटल मल्टिमीटर आणि एक ईएसआर मीटर (कपॅसिटरचा आतला रोध मोजणारे यंत्र) लागेल, कारण सुकत चाललेला कपॅसिटर साध्या मोजणीत कधी कधी ठीक दिसतो आणि आतला वाढलेला रोध लक्षातच येत नाही. अॅम्प्लिफायर तपासताना स्पीकर धोक्यात घालण्याऐवजी आठ ओहमचा, १०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडणार आहोत. त्यावर २० व्होल्ट आरएमएस (बदलत्या व्होल्टेजचे परिणामी मूल्य) मिळाले, म्हणजे यंत्र ५० वॅट देत आहे.

सिरीज बोर्डासाठी (दुरुस्तीच्या संचाला बल्बमधून वीज देणाऱ्या बोर्डासाठी) तारेचे जुने ६० किंवा १०० वॅटचे बल्ब घरात पडून असतील, तर ते अवश्य द्यावेत. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि शॉर्ट झालेल्या संचात जाणारा प्रवाह आवरला जातो. एलईडी बल्ब या कामाचा नाही. व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) देऊ करणाऱ्यांचे आभार, परंतु तो संचाला विजेच्या मुख्य जोडणीपासून अलग करत नाही. त्यामुळे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आम्ही नवाच घेणार आहोत. रोख देणगीतून आधी याच दोन वस्तू आणि मग सोल्डरिंग स्टेशने घेतली जातील.

वस्तू किंवा देणगी सायंकाळी सभागृहाच्या कार्यालयात द्यावी. प्रत्येक वस्तूची नोंद होऊन पावती मिळेल. वस्तू चालू आहे की बंद, हे चिठ्ठीवर लिहावे. जुने दूरदर्शन संच कृपया आणू नयेत. खोली लहान आहे.

आपली नम्र,
कार्यकारी समिती